लहान मासेमारी बोटीसाठी फिश फाइंडर आणि जीपीएस एकत्र घ्यावा की वेगवेगळा?

एकत्रच घ्या, फक्त सोबतचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सीचा आहे ना, ते आधी बघा. २०० ची लहर उथळ पाण्यात बारकावे दाखवते, तळालगतचा मासाही वेगळा दिसतो. ५० ची खोल जाते, पण चित्र ढोबळ येतं. एकत्र युनिटचा खरा फायदा म्हणजे थवा दिसला की तिथल्या तिथे जागेची खूण साठवता येते. स्क्रीन किती इंची यापेक्षा ती भर उन्हात वाचता येते का ते पाहा. ट्रान्सड्यूसर बोटीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फेसात बसवलात तर महागडं यंत्रही नुसते ठिपके दाखवेल. मात्र युनिट बंद पडलं की दोन्ही सोयी एकदम जातात, तेव्हा लांब जाताना हातातला साधा जीपीएस आणि होकायंत्र जवळ असू द्या.