भूकंप होणाऱ्या किनाऱ्यांची वाळू भूकंपच नेतो का?

सोलापूरच्या माणसाने समुद्राबद्दल सांगायचं म्हणजे आगाऊपणाच. पण माझं दुकान बांधकामाच्या वाळू-खडीचं, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा आमच्याही मांडणीवरचे डबे खाली आले होते. एवढ्या ओळखीवर लिहितो.

तुमचे प्रश्न दोन: वाळू भूकंपाने जाते का, आणि धूपप्रतिबंधक बंधारा घातला तर ती राहील का?

भूकंप वाळू नेत नाही. (त्सुनामी नेते, पण ती झाली एका दिवसाची गोष्ट.) भूकंप जमीन खाली-वर करतो, बाकीचं लाटा बघतात. पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार पन्नासास एक धरा. जमीन मीटरभर खचली की वाळूचा कणही न हलता पाणी पन्नास मीटर आत येतं. मग जिथे लाट कधी पोचत नव्हती तिथली वाळू ती पोखरायला लागते आणि खोल पाण्यात नेऊन पसरते. हे पुढे वर्षानुवर्षं चालतं.

२६ डिसेंबर २००४ ला ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचलं आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. त्याच भूकंपात उत्तर अंदमानकडची जमीन वर आली आणि तिथली प्रवाळं उघडी पडून मेली. म्हणजे ‘भूकंप झाला की किनारा जातो’ हेसुद्धा सरसकट खरं नाही.

बंधाऱ्याचं उत्तर मला चिलीत सापडलं. भिंत घातली की मागची जमीन वाचते, पण पुढची पुळण आटत जाते, कारण तिला मागे सरकायला वाव उरत नाही. २०१० च्या भूकंपात तिथे काही भाग वर उचलला गेला आणि ज्या भिंतींपुढे वाळू उरली नव्हती तिथे परत पुळण तयार झाली. जपानात रिकुझेनताकाताला उलटं झालं. २०११ मध्ये त्सुनामीने तिथली हजारो पाइनची झाडं झोपवली, उभं राहिलं एकच. वाळू गेली आणि जमीनही खचली. शेवटी बाहेरून वाळू आणून पुळण नव्याने घालावी लागली.

आता माझ्या धंद्याचं. खचलेला किनारा पुन्हा भरायचा तर वाळू हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी नदीच आणते. भूकंप तिथे मदतही करतो: तैवानमध्ये १९९९ च्या भूकंपात डोंगर ढासळले आणि पुढची काही वर्षं नद्या नेहमीपेक्षा जास्त गाळ वाहत होत्या. पण वाटेत धरण असेल तर? आमची भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वरून येणारी वाळू उजनी अडवते, खालची आम्ही ट्रकात भरली. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात उपशाचे खड्डे पडले, त्यात माझ्या धंद्याचाही हात आहे, नाकारत नाही. आता मी बहुतेक क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच, विकतो.

तुमचा किनारा कोणता ते लिहिलं नाहीत. कोकणातला असेल तर भूकंपाला तूर्त सोडा आणि तिथल्या खाडीतून वाळूचा उपसा चालतो का, शेजारी नवी जेटी झाली आहे का, ते कळवा.