पाने गळाली म्हणून गुग्गुळ तहानलेला नसतो
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : रेताड जमिनीतल्या बागेत गुग्गुळाचे दोन वर्षांचे झुडूप आहे. पावसाळ्यात छान पालवले, पण दिवाळीच्या सुमारास सगळी पाने गळाली. पाणी कमी पडते असे वाटून आठवड्यातून दोनदा देऊ लागलो. पालवी आली नाहीच, उलट जमिनीलगत बुंधा मऊ लागतो. झाड मेले का?

उत्तर : पाणी आजच बंद करा. गुग्गुळ मूळचा राजस्थान, गुजरात आणि पलीकडच्या सिंध-बलुचिस्तानच्या कोरड्या पट्ट्यातला. पावसाबरोबर पालवायचे, पाऊस सरला की पाने टाकून द्यायची आणि वर्षाचा मोठा काळ उघडे उभे राहायचे, हा त्याचा स्वभावच आहे. वरची कागदासारखी साल सोलून निघते, तिच्याखाली हिरवी साल असते. पाने नसतानाही हीच साल थोडेबहुत अन्न तयार करते. अशा विसाव्याच्या काळात मुळे पाणी फारसे ओढत नाहीत. तुम्ही दिलेले पाणी मातीतच साचले, मुळांना हवा मिळेना आणि बुंध्याला बुरशी लागली.

झाड जिवंत आहे का ते असे पाहा. एका फांदीची पातळ पापुद्र्यासारखी साल नखाने खरवडा. खाली हिरवट, ओलसर थर दिसला आणि टोक मोडल्यावर सुगंधी चीक आला, तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी असून काटकीसारखी कडकन मोडली, तर ती गेली.

आता बुंध्याभोवतीची माती 10 सेंमी खोलीपर्यंत अलगद बाजूला करा आणि बुंधा उन्हावाऱ्याला उघडा ठेवा. मऊ भाग एकाच बाजूला असेल तर धारदार चाकूने निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडून काढा आणि जखम कोरडी होऊ द्या. नंतर खड्डा मातीने नव्हे, जाड वाळूने भरा. कूज बुंध्याच्या चारी बाजूंनी फिरली असेल तर मूळ झाड वाचवण्याची आशा सोडावी लागेल. तरी वरच्या निरोगी फांद्या आहेत तोवर झाड हातचे गेलेले नाही, त्यांच्यापासून नवी रोपे होतात. पद्धत पुढच्या उत्तरात आहे.

यापुढे पाण्याचा हिशेब असा ठेवा : पहिल्या वर्षी उन्हाळ्यात 12 ते 15 दिवसांतून एकदा 5 लिटर, हिवाळ्यात महिन्यातून एकदा तेवढेच. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षापासून लांबलेला दुष्काळ सोडला तर काही देऊ नये. आळे बुंध्यापासून हातभर दूर करा. खोडाला पाणी लागू देऊ नका. ठिबकचा ड्रिपर बुंध्याशीच ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि शेजारी रोज पाणी लागणारी फुलझाडे असतील तर गुग्गुळ तिथे टिकत नाही.

प्रश्न : गुग्गुळाच्या फांद्या पिशव्यांत लावल्या. दहा-बारा दिवसांत पाने फुटली, मग महिन्याभरात बहुतेक काळ्या पडून कुजल्या. चूक कुठे झाली?

उत्तर : फुटलेली पाने पाहून मुळे आली असे समजलात आणि पाणी वाढवलेत, असे दिसते. फांदीत साठलेल्या अन्नावर पाने आधी फुटतात, मुळे मागाहून येतात. त्या मधल्या दिवसांत ओल जास्त झाली की खालचे टोक कुजते. उपटून पाहण्याचा मोहही टाळा, कोवळी मुळे तिथेच तुटतात.

कलम मे अखेरीपासून जुलैपर्यंत, उष्णतेत करा. थंडीत ते फार मंद चालते. अर्धवट जून झालेली, अंगठ्याएवढी जाड, 20 ते 25 सेंमी लांबीची फांदी घ्या. पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या मुळे येण्याआधीच सुकतात. खालचा काप डोळ्याच्या खाली सरळ, वरचा तिरका द्या. मग कोणती बाजू वर, हा घोळ होत नाही. उलटी लावलेली फांदी नीट रुजत नाही. कापलेल्या फांद्या सावलीत 3-4 दिवस ठेवून चीक सुकू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि कूज तिथूनच शिरते.

पिशवीत दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्या. तळाला आणि बाजूंना आठ-दहा भोके हवीत. कच्चे शेणखत अजिबात नको, त्यामुळे वाळवी येते. फांदी 8 ते 10 सेंमी खोल रोवून भोवतीची माती दाबा आणि एकदा भरपूर पाणी द्या. त्यानंतर वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी नको. पिशव्या विरळ सावलीत ठेवा. रोपे साधारण वर्षभराने, पुढच्या पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावा : 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा, दोन रोपांत निदान 2 मीटर अंतर, खड्ड्यात 200 ग्रॅम निंबोळी पेंड. माती चिकण असेल तर खड्ड्याऐवजी वीतभर उंच वरंब्यावर लावा. कडाक्याच्या थंडीत कोवळे शेंडे करपतात, पहिले दोन हिवाळे रात्री गोणपाटाने झाकावे.

प्रश्न : बियांपासून का येत नाही?

उत्तर : येतो, पण उगवण फार कमी. पिकलेल्या लाल फळांत काळ्या आणि फिक्या, अशा दोन रंगांच्या बिया मिळतात. फिक्या बहुतेक पोकळ निघतात. फक्त काळ्या निवडा, गर धुऊन काढा, ताज्याच पेरा. काळ्यांतल्याही थोड्याच उगवतील, म्हणून हवीत त्याच्या कितीतरी पट पेराव्यात. परागीकरणाशिवायही गुग्गुळाला बी धरते, त्यामुळे बियांची रोपेही बहुधा मातृवृक्षासारखीच होतात. वैविध्य हवे असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या झाडांची कलमे घ्या.

प्रश्न : घरच्या झाडाचा चीक कधी काढता येईल?

उत्तर : काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झाड चीक देण्याजोगे व्हायला सात-आठ वर्षे लागतात. खाच सालीपुरती राहिली नाही आणि लाकडाला लागली, किंवा चीक वाढवण्यासाठी उत्तेजक लेप लावला, की झाड सुकू लागते. याच कारणाने रानातला गुग्गुळ झपाट्याने संपला आणि आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. सालीवर आपोआप सुकलेला थेंब दिसला तर तेवढा घ्या. छाटणीच्या फांद्या टाकू नका, त्यांची कलमे करून इतरांना द्या.