पॅनेल थांबू दे, बॅटरीचं बघू

प्रश्न : आम्ही नाशिकचे. दोघं आणि दोन शाळकरी मुलं. वर्षातून चारेक वेळा भंडारदऱ्याला शनिवार-रविवार जोडून तंबूत राहतो. फोन, कॅमेरा, दिव्यांसाठी १०० वॉटचं घडीचं सौर पॅनेल (१९,००० रुपये) आणि ५०० वॉट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे प्लगची सोय असलेली मोठी बॅटरी (३३,००० रुपये) घ्यायचं ह्यांच्या मनात आहे. नऊ हप्त्यांत ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मिळतंय, रोख दिले तर ३,००० कमी. घरखर्च ४२,०००, महिन्याला ९,००० शिल्लक पडतात, एफडी १ लाख १० हजारांची. हे म्हणतात वीजबिल वाचेल, सरकारी अनुदान मिळेल आणि चिपळूणला सासरी लाइट गेली की कामाला येईल. घ्यावं का?

उत्तर : अनुदानाचा विषय आधी संपवू. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण ते घराच्या छपरावरच्या, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेल्या यंत्रणेला. गाडीच्या डिकीत घालून न्यायच्या पॅनेलला नाही. वीजबिलाचं म्हणाल, तर १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३५० ते ४०० वॉट-अवर देतं. बिलातलं एक युनिट हजार वॉट-अवरचं, म्हणजे हे अर्धा युनिटही नाही. दहा रुपये युनिट धरला तरी दिवसाला चार रुपये. रोज न चुकता उन्हात मांडलंत, तरी १९,००० वसूल व्हायला तेरा वर्षं जातील.

तेव्हा ही हौस आहे, आणि हौसेला माझी ना नाही. फक्त तिचा हिशोब हौसेसारखा करू. एका रात्रीत तुम्हाला वीज किती लागते? दोन फोन मिळून ५० वॉट-अवर, कंदील ३०, कॅमेरा २०, मुलांसाठी छोटा पंखा रात्रभर लावला तर ८०. एकूण १८०. दोन रात्रींचे ३६०. पाचशेच्या पॉवर स्टेशनमधून, त्यातल्या इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती वजा जाता, ४०० च्या आसपास हाती येतात. घरून भरून नेलेली बॅटरी रविवारपर्यंत पुरते. कमी पडलीच तर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावा. रतनवाडीला जाऊन येईपर्यंत शंभरेक वॉट-अवर परत भरतील.

मग पॅनेल कशाला? तिसऱ्या-चौथ्या रात्रीसाठी, जिथे गाडीही फिरणार नाही. तुमच्या चार फेऱ्यांत अशी रात्र एकही नाही. शिवाय पॅनेल मांडलं की ते उन्हाबरोबर फिरवत राहावं लागतं. झाडाची सावली एका कोपऱ्यावर आली तरी वीज निम्म्यावर येऊ शकते. तुम्ही सगळे सांदण दरीत उतरलेले असताना तळ्याकाठी ते राखणार कोण? (माझंही एक घडीचं पॅनेल आहे. त्याचा मुक्काम बहुतेक माळ्यावर असतो.)

चिपळूणचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तोसुद्धा बॅटरीच्याच बाजूचा. कोकणात लाइट जाते ती जून-जुलैच्या वादळपावसात. तेव्हा ऊन कुठलं? भरलेली बॅटरी मात्र ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा बारा-तेरा तास चालवेल. पण तिथे लाइट वारंवार जात असेल, तर सासऱ्यांच्या घरी साधा इन्व्हर्टर बसवा. नाशिकहून बॅटरी घेऊन कोण धावणार?

आता पैशांचं. तुमची एफडी म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च. दोन मुलं असलेल्या घरात मी सहा महिन्यांचा मागतो, म्हणजे अडीच लाख. त्यामुळे एफडी मोडायची नाही. हप्ता ५,८०० चा, तुमच्या शिल्लकीतले जवळजवळ दोन तृतीयांश नऊ महिने त्यातच जाणार. ‘नो कॉस्ट’ हा शब्दही फसवा आहे. व्याजाएवढी सूट मिळते खरी, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही असते, आणि रोखीचे ३,००० बुडतात ते वेगळेच. वर्षाला आठ रात्री आणि यंत्राची आठ वर्षं धरली, तरी ५२,००० म्हणजे एका रात्रीला ८०० च्या वर.

माझं मत : हा हंगाम २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका आणि चार्जिंगच्या कंदिलावर काढा. पाचेक हजारांत होईल, पंख्यावाचून तेवढं राहावं लागेल. महिन्याला ३,५०० ची दहा महिन्यांची आरडी (आवर्ती ठेव) उघडा आणि उरलेले ५,५०० आपत्कालीन निधीत टाका. आरडी पिकेपर्यंत प्रत्येक फेरीत किती वीज लागली ते वहीत लिहा. पॉवर बँकांवर भागलं, तर आरडीचे पैसेही निधीतच जाऊ देत. नाही भागलं, तर पॉवर स्टेशन रोखीने घ्या, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं. ती दोन हजारांहून जास्त वेळा भरता-वापरता येते. पावसाळ्यात पडून राहील तेव्हा अर्धी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

स्पितीची आठ दिवसांची सहल ठरली, तर पॅनेलसाठी मला पुन्हा लिहा.