डिस्कवर खरोखर किती जागा उरली?

प्रश्न: मी सीमध्ये बॅकअपचा छोटा प्रोग्राम लिहिलाय. प्रत काढण्याआधी तो डिस्कवरची रिकामी जागा बघतो. पण लिनक्सवर माझा आकडा रिकामी जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडपेक्षा बराच जास्त येतो आणि विंडोजवर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. दोन्हीकडे चालेल असं एकच फंक्शन आहे का?

उत्तर: नाही. सीच्या मानक लायब्ररीला फाइल उघडता येते, पण ती कुठल्या डिस्कवर आहे, तिथे किती जागा आहे, हे विचारायची सोय तिच्यात नाही. 'स्टॅटव्हीएफएस' हे पोसिक्सचं, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामायिक मानकाचं फंक्शन, ते लिनक्स आणि मॅकवर मिळतं. विंडोजवर 'गेटडिस्कफ्रीस्पेसएक्स' वापरावं लागतं. तेव्हा पाथ घेऊन 64 बिटी बाइट्स देणारं स्वतःचं एक फंक्शन करा आणि त्याच्या आतला कोड दोन वेगळ्या फाइलींत लिहा, प्रत्येक सिस्टिमसाठी एक. सिस्टिमप्रमाणे कोड निवडणारे 'इफडेफ' प्रोग्रामभर पेरू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच ते वाचता येणार नाही.

आता आकडा. स्टॅटव्हीएफएस देतो त्यातला तुम्ही बहुधा 'एफ_बीफ्री' वाचताय. त्यात रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखलेली जागाही येते. ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम बनवताना सहसा 5 टक्के जागा अशी बाजूला ठेवली जाते, म्हणजे 1 टेराबाइटमागे सुमारे 50 गिगाबाइट. साध्या वापरकर्त्याच्या वाट्याला येते ती 'एफ_बीअव्हेल', आणि डीएफ तीच दाखवतो. माझ्या प्रोग्रामने याच घोळापायी 'जागा आहे' म्हणत रात्रीची प्रत अर्ध्यावर सोडली होती. तेव्हापासून कुणाचाही असा कोड हातात आला की मी आधी 'एफ_बीफ्री' हे नाव शोधतो.

हे आकडे ब्लॉकमध्ये असतात, त्यांचे बाइट्स करायला गुणायचं 'एफ_एफआरसाइझ'ने, 'एफ_बीसाइझ'ने नव्हे. लिनक्सवर बहुतेकदा दोन्ही 4096 असतात, म्हणून चूक लपते. मॅकवर 'एफ_बीसाइझ' बराच मोठा असतो आणि जागा कित्येक पट फुगून दिसते. गुणाकाराच्या आधीच 64 बिटी टाइपमध्ये कास्ट करा (म्हणजे बदलून घ्या), नाहीतर 32 बिटी मशीनवर 4 गिगाबाइटला आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होईल.

विंडोजवर तीन आकडे मिळतात, त्यातला पहिला घ्या. वापरकर्त्याला कोटा लावला असेल तर तो त्यात धरलेला असतो.

लहान लहान फाइली लाखोंनी असतील तर 'एफ_फेव्हेल'ही बघा, त्यात शिल्लक आयनोड कळतात. आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद; ते संपले की बाइट्स शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर मात्र तिथे शून्य येतं, त्याचा अर्थ 'संपले' असा घेऊ नका.

आणि एवढं करूनही प्रत्येक 'राइट'चा आणि शेवटी 'क्लोज'चा निकाल तपासाच. तुम्ही जागा मोजल्यावर दुसरा एखादा प्रोग्राम ती भरून टाकू शकतो.