घरातला कचरा आणि प्रदूषण कमी करायला रोजच्या जगण्यात काय करता येईल?

प्रश्न मोठा आहे, मी आपल्या परसातलंच सांगते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे.

आधी काडेपेटी बाजूला ठेवा. आमच्याकडे थंडीत अंगण झाडलं की पाल्यातच दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एखादी तुटकी चप्पल ढकलायची आणि पेटवून हात शेकत बसायचं, ही जुनी खोड. पूर्वी ढिगात नुसता पाला असायचा, तेव्हा निभावलं. आता प्लास्टिक, त्यातही पाइपांचं पीव्हीसी, जळलं की डायॉक्सिनसारखी विषं निघतात. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर न जाता गल्लीतच घोटाळतो. डायॉक्सिन चाऱ्यावर बसलं की गाई-म्हशींच्या दुधात उतरतं ते वेगळंच.

मग ओला कचरा. त्याचं मी बादलीत खत करते. माझी पहिली बादली साफ फसली. भाज्यांची देठं, केळीची अख्खी सालं, उरलेली शेवभाजी, सगळं कोंबून झाकण लावलं. आठ दिवसांत अळ्या आणि असा वास, की शेजारच्या जिजी भिंतीवरून ओरडल्या, "अव माय, हाई घाण घरमा का बरं ठेवस तू?" चूक माझीच होती. सुकं काहीच घातलं नव्हतं आणि हवेला वाट नव्हती. आता बादलीला भोकं पाडली आहेत. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या केळीची वाळलेली पानं चुरून टाकते, सालं बोटाएवढी चिरते. तेलकट रस्सा बादलीत नाहीच. भरताची वांगी भाजलेल्या काड्यांची राख चिमूटभरच घालते, जास्त झाली की खारेपणा वाढतो.

पण पुस्तकात न मिळणारी अडचण आपल्या खान्देशी उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की बादलीतलं सगळं पापडासारखं वाळतं आणि कुजणं थांबतं. बादली निंबाच्या सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. मूठभर खत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी टपकू नये. टँकरचं पाणी यात घालवायची गरज नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पुरतं. साधारण दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत निघतं. उन्हाळ्यात माझं थोडं रेंगाळतंच.

सुका कचरा धुवून, वाळवून एका पोत्यात भरते. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वेगळे भाग करायला सांगितले होते. आमच्या घंटागाडीत मात्र दोन्ही डबे एकाच ढिगावर उपडे होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डबा वेगळा ठेवण्यातलं मनच उडालं होतं. बोलून पाहिलं, फरक पडला नाही. मग पोतं सरळ भंगारवाल्याला देऊ लागले. पुठ्ठा, बाटल्या, डबे तो आनंदाने नेतो, चिप्सची चकचकीत पाकिटं मात्र परत माझ्याच हातात देतो. तेव्हापासून ती घरात आणणंच कमी केलंय. नातवंडं कुरकुरतात, मग मुरमुरे-फुटाण्यांवर भागवते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. जुन्या सीएफएल दिव्यांमध्ये पारा असतो, ते दिवे फोडू नका.