सह्याद्रीच्या सचित्र नकाशाचं १,००० तुकड्यांचं पझल: हिरव्या डोंगरांत अडलंय, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चिकटवावं का?

कड लावून झाली, पण आतले डोंगर सगळे एकसारखे हिरवे, म्हणून अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. डोंगर अगदी शेवटी घ्या. त्याआधी कडेचे तुकडे मोजा. हजारच्या पझलची मांडणी बहुधा ४० × २५ किंवा ३८ × २७ असते (दुसरीत खरे तुकडे १,०२६). दोन्हींत कडेचे तुकडे १२६च भरतात. समोरासमोरच्या बाजूंचे आकडे जुळत नसतील तर समुद्राच्या निळ्या कडेत कुठेतरी चुकीचा तुकडा बसलाय.

आता अक्षरं असलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या ताटात काढा. नकाशा मराठीत असेल तर शिरोरेघ फार उपयोगी पडते: तुकड्याची वरची बाजू कोणती ते लगेच कळतं, आणि रेघेची जाडी बघून गावाचं नाव कुठलं, किल्ल्याचं कुठलं हेही ओळखता येतं. नद्यांची आणि रांगांची नावं मात्र वळणाने लिहिलेली असतात. तिरकी शिरोरेघ दिसली की तो तुकडा तिकडचा.

नावांची सुरुवात कल्याण-कर्जत-पनवेल पट्ट्यातून करा. मलंगगड, चंदेरी, पेब, माथेरान, प्रबळगड, कर्नाळा एवढ्याशा जागेत दाटलेले असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर काहीतरी खूण सापडते. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका तर चित्रातही लपत नाही. मग नद्या. त्र्यंबकेश्वरहून गोदावरी, भीमाशंकरहून भीमा आणि महाबळेश्वरहून कृष्णा उजवीकडे जातात. उल्हास आणि सावित्री डावीकडे समुद्राला मिळतात. या निळ्या रेघा लागल्या की घाटमाथा आपोआप आखला जातो. कळसूबाई (१,६४६ मीटर) भीमाशंकरच्या वर येईल, साल्हेर (१,५६७ मीटर) त्याहून बरंच वर, गुजरातच्या हद्दीजवळ.

उरलेल्या हिरव्यात रंग शोधत बसू नका, सावली बघा. डोंगर रंगवताना उजेड बहुधा वरच्या डाव्या बाजूने दाखवतात, म्हणजे गडद उतार उजवीकडे-खाली येतो. त्यावरून नाव नसलेला तुकडाही सरळ धरता येतो. मग खुंट्या आणि खाचांप्रमाणे गट करा: समोरासमोर दोन खुंट्या, शेजारी-शेजारी दोन, तीन खुंट्या, एक खुंटी. तुकडा बसला तरी खात्री करा. जोडी उचलून उजेडासमोर धरा. फटीतून एका बाजूला जास्त उजेड दिसला तर ती जोडी खोटी.

चिकटवण्याबद्दल: जून ते सप्टेंबर टाळा, ऑक्टोबरची हवा कोरडी झाली की करा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यावर बनतो. दमट हवेत तो लवकर सुकत नाही, पुठ्ठा ओलावा पितो, कडा वर वळतात आणि छापील कागद सुटतो. पातळ करायला त्यात आणखी पाणी घालणं सगळ्यांत वाईट.

या नकाशावर बारीक अक्षरं असल्याने गोंद मागून लावा. पझलखाली ६ मिमीचा प्लाय असू द्या, वर तसाच दुसरा ठेवा, चारही बाजूंना मोठ्या क्लिपा लावा आणि दोघांनी मिळून सगळं उलटं करा. आता वर आलेला प्लाय काढा. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे अगदी पातळ थर ओढा. वाळला की दुसरा. थर हाताला कोरडा लागला की वर बटर पेपर टाकून दुसरा प्लाय ठेवा आणि एक दिवस वजनाखाली दाबा.

फ्रेमवाल्याला काच पझलला टेकू नये म्हणून मध्ये माउंटची पट्टी घालायला सांगा. नाहीतर दमट हवेत छपाई काचेला चिकटते, आणि मग सोडवताना रंग निघतो. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिथे दरवर्षी ओल येते तिथे, फ्रेम टांगू नका. आतली भिंत निवडा.

पझल लागेपर्यंतचे दिवसही पावसाचेच असतील, तर उरलेले तुकडे झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. फुगलेली खुंटी खाचेत जात नाही. दाबून बसवलीत तर टोक चुरगळतं आणि तो तुकडा पुढे कधीच सपाट बसत नाही.