चौकटीबाहेरची वस्ती

प्रश्न : अमेरिकेत १९७५ साली भरलेल्या 'न्यू टोपोग्राफिक्स' या प्रदर्शनातील छायाचित्रे अलीकडे पाहण्यात आली. त्यांत एकसारखी घरे, वाहनतळ आणि कारखान्यांच्या कोऱ्या भिंती आहेत. माणूस जवळजवळ नाहीच. त्या काळातील अमेरिकन शहरांना ग्रासणारा वर्णभेद या छायाचित्रांत का दिसत नाही? मी जुन्या नाशकातील पाडले जाणारे वाडे टिपत असतो, म्हणून विचारावेसे वाटले.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधील त्या प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स, लुईस बाल्ट्झ प्रभृती छायाचित्रकारांचे लक्ष जमिनीचे काय झाले याकडे होते; त्या जमिनीवरचे घर कोणाला मिळू शकत होते, हे त्यांच्या चौकटीत येत नाही. ते कर्जाच्या आणि भाड्याच्या कागदांत सापडते. युद्धोत्तर उपनगरांमागे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय गृहनिर्माण यंत्रणेची कर्जहमी होती आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ही यंत्रणा कर्जासाठी जोखमीच्या ठरवीत असे. न्यूयॉर्कजवळ १९४७पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या उपनगराच्या सुरुवातीच्या भाडेकरारांत तर घरात गोऱ्यांखेरीज कोणालाही राहू देऊ नये, अशी अट होती. अपवाद फक्त घरगड्यांचा! घरांच्या बाबतीतील वर्णभेदाला मनाई करणारा केंद्रीय कायदा १९६८ साली आला, तोवर अशा कितीतरी वसाहती भरून गेल्या होत्या.

या छायाचित्रांची दुसरी बाजू पाहायची असेल, तर पिट्सबर्गचे छायाचित्रकार चार्ल्स 'टीनी' हॅरिस यांच्याकडे वळावे. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी त्यांनी चार दशके काम केले आणि सुमारे ८०,००० निगेटिव्ह मागे ठेवल्या. हिल डिस्ट्रिक्ट या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील लग्ने, दुकाने, गाण्याचे अड्डे, शाळकरी मुले हे सारे त्यांत आहे. वस्तीला ओंगळ ठरवून पाडणाऱ्यांना जे दिसले नाही, ते या माणसाला दिसत होते, कारण तो तिथलाच होता. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याने शहर-पुनर्विकासाला केंद्राचा पैसा मिळाला आणि १९५६पासून या वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला. सुमारे ८,००० लोक विस्थापित झाले. तेथे १९६१ साली सिव्हिक अरीना हे भव्य सभागृह उघडले. पुढे रहिवाशांनी 'या जागेपलीकडे पुनर्विकास नाही' असे नगरपालिकेला बजावणारा मोठा फलक लावला. त्याचेही हॅरिस यांनी १९६९ साली छायाचित्र घेतले.

माझ्या मते ॲडम्स आणि हॅरिस यांना शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणीही पुरता कळत नाही, कारण एकाच गृहधोरणाने उपनगर वसवले आणि जुनी वस्ती मोडली. तरीही ॲडम्स यांना दोषी धरणे मला पटत नाही. त्यांचा विषय वेगळा होता.

नाशिकच्या वाड्यांचा इतिहास अर्थातच निराळा आहे, तो अमेरिकेच्या साच्यात बसवू नये. परंतु नक्षीदार खांब आणि चौक टिपताना वाडा कोणत्या गल्लीतला, मालक कोण, भाडेकरू किती वर्षांचे, ते पुढे कोठे गेले आणि नव्या इमारतीत त्यांना जागा मिळाली का, याची तारखेसह नोंद अवश्य ठेवावी. हॅरिस यांच्या बहुतेक निगेटिव्हवर अशी माहिती नव्हती. त्यामुळे संग्रह २००१ साली कार्नेगी कला संग्रहालयाकडे आल्यावर त्यातील माणसे ओळखण्यासाठी जुन्या रहिवाशांची मदत घ्यावी लागली.